लाइट आली, कौशे

कौशे, तू हे वाचत असतीस तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "नंदे, लई हळू सुरू केलंस." म्हणून आधीच सांगते, मी माझ्याच चालीनं लिहिणार आहे. सगळं आयुष्य तुझ्या चालीनं गायले, आता एवढं एक तरी माझ्या मनासारखं होऊ दे. तू मधे तोंड घालणार नाहीस, ह्याची मात्र अजून सवय झालेली नाही. एक वाक्य लिहिते आणि थांबते.

महिना होत आला. दुपारी "जरा पडते" म्हणून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. तुझ्या घरून दाजींचा फोन आला तेव्हा मी आपल्या शेवटच्या गाण्याचं कडवं घोटत होते, कारण येत्या रविवारी ते तुझ्यासोबत पुरं करायचं होतं. आपल्या चौघींनी इतक्या वर्षांनी परत जमून केलेला अल्बम तयार होता. एवढं एकच गाणं अर्धं होतं, आणि त्या अर्ध्या गाण्यात तू अजून ड्रम वाजवत बसली होतीस. त्याचं काय करायचं, हे तुला विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाला विचारणार? वेगाच्या बाबतीत मी भांडले ते फक्त तुझ्याशी.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तूच म्हणायचीस ना, नंदीला कुठलीही गोष्ट गावाच्या वेशीपासून सांगायची खोड आहे.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या मैदानावर. एनसीसीची परेड होती, तुझ्या गळ्यात साइड ड्रम होता, आणि तुझ्यामागं अख्खी पलटण जवळजवळ पळत होती. सर ओरडत होते, "ए पिशोर! सावकाश! लग्नाला चाललीस का?" गावाच्या नावावरून तुला सगळे पिशोरच म्हणायचे. तुझे आबा तिकडं मेंढरं राखायचे, आणि तू वसतिगृहात राहून शिकत होतीस. परेड संपल्यावर मी तुला म्हटलं, "तू लई पळवतीस." तू घाम पुसत म्हणालीस, "मी नाय पळवत. तुम्हीच रेंगाळायलात." हे आपलं पहिलं बोलणं, आणि शेवटचं भांडण पण ह्याच्यावरच झालं. मधे एवढं आयुष्य गेलं, पण आपण दोघी जागच्या हललो नाही.

मग नसरीन भेटली. छावणीत तिच्या अब्बांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता, आणि भावानं टाकून दिलेली गिटार ती दार लावून वाजवायची. अलका तिच्या वर्गातली. ती दिवसातून चार शब्द बोलायची, त्यातले दोन दुसऱ्या दिवशी. तिच्या हातात बेस गिटार दिली कारण त्या वाद्याला पण कमी बोलायची सवय असते. मी गाणार आणि जमेल तशी गिटार खाजवणार. अब्बांच्या गोदामात शामियान्याच्या घड्या, खुर्च्यांच्या थप्प्या, भोंगे, आणि त्या सगळ्यामधे आपण चौघी. अब्बा दारातून डोकावून म्हणायचे, "बच्चियाँ, मशीन जलाव नक्को, कल शादी है." त्यांची लाउडस्पीकरची मशिनं होती म्हणून आपला बँड होता, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आणि लाइट जायची. त्या वर्षांत लाइट कधी जाणार ह्याचं वेळापत्रक पेपरात यायचं, आणि ती त्याच्याही आधी जायची. गाणं रंगात यावं, नसरीनची बोटं चालू व्हावीत, आणि फट्! गिटार मुकी, बेस मुका, माझा माइक मुका. तुझं तेवढं चालू राहायचं, कारण ड्रमला काय लागतंय? बडवणारी लागती. म्हणून तर आपण बँडचं नाव 'भारनियमन' ठेवलं. नाव ऐकून मंडळाचे लोक विचारायचे, "म्हंजी हे सरकारी कार्यक्रम हाये का?"

पण तो गणपतीच्या मंडपातला प्रसंग. मला तो सांगायचाच आहे.

संध्याकाळची वेळ. पुढं तरुण पोरांची गर्दी, त्यांना सिनेमाची गाणी हवी होती आणि आपण आपली गायलो. आधीच शिट्ट्या चालू होत्या. दुसऱ्या गाण्यात लाइट गेली. काळोख झाला, आणि त्या काळोखातून पोरांचं जे ओरडणं सुरू झालं ते अजून माझ्या कानात आहे. कुणीतरी स्टेजच्या कडेला चढत होतं, फळ्या वाजल्या. मी खरंच सांगते, मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. मी मागं वळले, तू दिसतीस का बघायला. तू दिसली नाहीसच, पण आवाज आला, अगदी शांत, भाजीवालीशी बोलावा तसा. "मागं काय बघायलीस? हाये मी."

आणि तू वाजवत राहिलीस. आधी होती तीच चाल, मग जरा चढवलीस, मग आणखी. पोरं आधी ओरडली, मग टाळ्यांवर आली, मग गप्प झाली. तो फळीवर चढणारा कुठं गेला ते कळलंच नाही. लाइट आली तशी तू परेडमधला तो कडकडाट काढलास, काठ्या थरथरत लांबवलेला, आणि आम्ही तिघी त्यावर आत शिरलो. गाणं सुरू केलं होतं त्याच्या दीडपट वेगात. मला श्वास पुरत नव्हता, पण मी गायले. खाली उतरल्यावर नसरीन रडत रडत हसत होती, आणि तू म्हणत होतीस, "भूक लागली. काय मिळंल?"

तेव्हापासून तो आपला नियम झाला. लाइट गेली तर कौशी थांबणार नाही. लाइट आली की ती तो कडकडाट देणार. त्याला आपण 'बोलावणं' म्हणायचो. बोलावणं आलं की जिथं ती असंल तिथं आपण आत शिरायचं. जिथं आपण थांबलो होतो तिथं नाही. ह्यावरून मी किती भांडले. मी म्हणायचे, गाणं सोडलं तिथून धरावं. तू म्हणायचीस, "तू थांबलीस म्हणून गाणं थांबतंय व्हय? ते पुढं गेलेलं असतंय. तू पळत ये."

एक गोष्ट तू गेल्यावर माझ्या लक्षात आली. एवढी वर्षं एका स्टेजवर उभ्या राहिलो, पण वाजवताना तुझा चेहरा मी पाहिलाच नाही. गाणारी पुढं, ड्रमवाली मागं. लोकांनी तुला वाजवताना पाहिलं, तू पुढं ज्या शाळेत शिकवलंस तिथल्या पोरांनी पाहिलं, नसरीन आणि अलका तिरक्या उभ्या राहायच्या, त्यांनी पाहिलं. मला फक्त पाठीवर कळायचीस. तू आज रागात आहेस की मजेत, हे माझ्या पाठीला कळायचं. आता स्वयंपाकघरात उभी असले तरी पाठ मोकळी वाटते. लेक म्हणते, आई, थंडी वाजते का? मी म्हणते, हो.

मग लग्नं झाली. ह्याला काही मोठी कहाणी नाही. कुणी आपल्याला बंदी घातली नाही, कुणी गिटार फोडली नाही. मी शाळेत मराठी शिकवायला लागले, अलका पुण्याला गेली आणि आली, नसरीननं अब्बांचा धंदा हातात घेतला. तू बजाजनगरला गेलीस, दाजी वाळूजच्या कंपनीत, आणि तू तिथल्याच शाळेत पीटीची बाई. "ह्या महिन्यात जमत नाय गं," असं आधी एक म्हणाली, मग दुसरी, आणि मग विचारायचंच राहिलं.

परत जमायचं अलका बोलली. नसरीनच्या घरी ईदला खुर्मा पीत बसलो होतो, आणि ही एकदम म्हणाली, "गुडघे जायच्या आधी एकदा नीट रेकॉर्ड करू." एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून ऐकून आपण तिघी वाट्या खाली ठेवून बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो. तुझा ड्रमसेट माळ्यावर होता, आणि मोठ्या ढोलात तू कांदे भरून ठेवले होतेस. "हवेशीर असतंय," म्हणालीस, वर तोंड करून. दाजींनी स्टूल धरलं, तू ते धूड खाली घेतलंस, कांदे परातीत ओतलेस आणि तिथंच फरशीवर बसून पायानं एक ठोका दिलास. ढोलातून कांद्याची सालं उडाली. शेजारच्या बाई दारात आल्या, "काय झालं वो?" तू म्हणालीस, "काय नाय वो मावशी. लाइट आली."

तो दिवस मला परत हवाय. बाकी काही नको, तेवढाच.

छावणीतला समीरचा स्टुडिओ तुला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. समीर बिचारा पोटापाण्यासाठी भक्तिगीतं, प्रचाराची गाणी आणि कुठल्या कुठल्या भाऊंच्या वाढदिवसाची गाणी रेकॉर्ड करतो. आपल्याला बघून आधी त्यानं विचारलं, "भजनी मंडळ का?" पण माणूस मनाचा चांगला, कामाला चोख. त्यानं तुझ्या कानात टिकटिक लावली. आता सगळे असंच रेकॉर्ड करतात, कानात ठोके चालू, त्यावर वाजवायचं, म्हणजे वेग हलत नाही. तू हेडफोन काढून त्याच्याकडं अशी बघितलीस की तो खुर्ची मागं सरकवून बसला. "मला घड्याळ लावायलास व्हय?"

मी समीरची बाजू घेतली. अजूनही घेते. कौशे, तू पळवायचीस. तुझ्याबद्दल वाईट बोलू नये असे हे दिवस आहेत, तरी बोलते. तिसऱ्या कडव्याला तू नेहमी पळायचीस, आणि माझे शब्द एकमेकांवर आदळायचे. मी लिहिलेले शब्द. मी ते एक एक निवडून ठेवायचे आणि तू त्यांच्यावरून गाडी न्यायचीस. तू मला स्टुडिओच्या ओट्यावर बसून सांगितलंस, "नंदे, मेंढरं हाकणारा मागं चालतो. आबा म्हणायचे, मागून चालणाऱ्यालाच कळतं कोण रेंगाळतंय. मी मागं बसते. मला दिसतंय, तू रेंगाळायलीस." मी म्हटलं, "मी मेंढरू आहे का?" तू म्हणालीस, "नाय. मेंढरू ऐकतंय."

तरी सगळी गाणी टिकटिकीवर केलीस. माझ्यासाठी केलीस, मला माहीत आहे. ती गाणी नीट आहेत. सरळ, स्वच्छ. माझा एकूण एक शब्द ऐकू येतो. शेवटच्या गाण्याला मात्र तू हेडफोन टेबलावर ठेवलास आणि समीरला म्हणालीस, "घड्याळ काढ बाबा. हे एक तरी माझ्या पायानं चालू दे." मी तोंड उघडणार तेवढ्यात अलकानं माझ्या हातावर हात ठेवला.

ते गाणं घराबाहेर पडणाऱ्या बाईचं. भाकरी झाकून, दार नुसतं लोटून ती गायला निघते. शेवटची ओळ मी अशी लिहिली होती:

वाट बघू नका माझी
पण दार लावू नका

ह्या ओळीला पण तू बोलायची राहिली नाहीस. "दार लावायचं नाय म्हणतीस, मग कुत्रं येतंय घरात. भाकरी झाकून ठेवलीया तीच खातंय." समीर हसून हसून खाली वाकला. मी चिडले, म्हटलं, कविता आहे ती. तू म्हणालीस, "कवितेत कुत्री नसत्यात व्हय?" मग वाजवायला बसताना हळूच म्हणालीस, "ओळ चांगली हाये. नीट म्हण. शेवटाला मी पळवणार नाय."

अर्धं गाणं झालं आणि लाइट गेली.

इतक्या वर्षांनी! आता कुठं जाते एवढी? पण गेली. समीरचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. बाकी आमच्या गिटारी आणि आमचे हेडफोन बंद. आम्ही तिघी जुन्या सवयीनं जागच्या जागी गप्प झालो, आणि तू जुन्या सवयीनं चालू राहिलीस. मला हसू आलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, सगळं लख्ख दिसत होतं, तरी मी मागं वळून बघितलं नाही. काचेवर तुझी सावली तेवढी हलताना दिसत होती. मधेच वरचा पंखा जरासा फिरला. तुला वाटलं आली. तू बोलावणं दिलंस, तोच कडकडाट, काठ्या थरथरत. आम्ही हात उचलले आणि पंखा परत थांबला. आमचे हात तसेच राहिले. तू थांबली नाहीसच. वाजवता वाजवता ओरडलीस, "चहा सांगा कुणीतरी!" आणि पुढं वाजवत राहिलीस, चहा येईपर्यंत. कपबशीचा आवाज आला तशी तू काठ्या ठेवल्यास. लाइट काही आली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी करू.

हे सगळं समीरकडं रेकॉर्ड झालेलं आहे. पंख्याची कुरकुर, बोलावणं, चहा, सगळं.

पिशोरला तुझा दहावा झाला. आम्ही तिघी कन्नडच्या गाडीनं गेलो. पिंड ठेवला, सगळे लांब सरकले. मी तुझ्या भावाच्या शेजारी उभी होते. माझ्या मनात काय होतं ते तुलाच सांगते. मला वाटत होतं, आता कावळा शिवणार नाही. ताटकळणार सगळे. मग लोक विचारतील, हिचं काय राहिलंय? मग मी पुढं होऊन म्हणेन, गाणं राहिलंय, आम्ही करतो पुरं. वाक्य तयार ठेवलं होतं. आणि कावळा आला की गं लगेच! पिंड ठेवणाऱ्याचा हात मागं यायच्या आत. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "तृप्त होती पोर. मागं कशात जीव नव्हता." भावानं हात जोडले. सगळ्यांना बरं वाटलं आणि मला एवढा राग आला तुझा. तृप्त कसली? इथं पण घाई. जरा घुटमळली असतीस तर काय बिघडलं असतं? जरा मागं बघितलं असतंस.

परत येताना गाडीत नसरीन म्हणाली, "वो रुकनेवाली थी ही नहीं. तेरेकू मालूम था." मला माहीत होतं. माहीत असून हवं होतं.

नंतर बजाजनगरला गेलो. दाजी पार खचलेत, पण दाखवत नाहीत. म्हणाले, "ते गाणं हाये म्हणे तुमच्याकडं. ऐकवता का?" नसरीननं फोनवर लावलं. दाजी मान खाली घालून ऐकत होते, गुडघ्यावर बोट वाजत होतं. ते चुकीच्या ठोक्यावर वाजत होतं, तू बघितलं असतंस तर बोलली असतीस. मग तुझा आवाज आला, "चहा सांगा कुणीतरी!" आणि दाजी उठले. उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकींकडं बघितलं. थोड्या वेळानं ते दारात आले, हातात भांडं तसंच, म्हणाले, "सवय हाये वो." अलका उठली आणि त्यांच्या हातातून भांडं घेऊन तिनं चहा ठेवला. आम्ही सगळ्यांनी तो प्यायला. साखर जास्त झाली होती.

मग समीरचा प्रश्न उभा राहिला. एक तर गाणं सोडून द्या, म्हणाला. नाहीतर माझ्या ओळखीचा एक ड्रमवाला आहे, त्याला बसवू. त्यावर नसरीननं त्याच्याकडं असं बघितलं की तो लगेच तिसऱ्या उपायावर आला. "मॅडम, नाहीतर मी हेच सरळ करून देतो. कॉम्प्युटरवर होतं. कुठं पळालंय तिथं मागं ओढतो. तुम्हाला गायला सोपं जाईल, आणि कुणाला कळणार पण नाही." नसरीन म्हणाली, "उनकी चाल सीधी करनेवाले हम कौन होते?" आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. कारण तुझी चाल सरळ व्हावी म्हणून जन्मभर कोण बोललं? मीच.

मी म्हटलं, करून दाखव.

त्यानं केलं. चहा पिऊन होईतो केलं त्यानं ते, ज्याच्यासाठी मी तुझ्याशी गोदामात, गाडीत, हळदीकुंकवात, फोनवर भांडले. ऐकलं. एक ठोका इकडंतिकडं नाही. तिसऱ्या कडव्याला पण नाही. माझे शब्द त्यात नीट बसले असते, ऐसपैस. आणि मला असं झालं, की आपल्या माणसाच्या घरी जावं, कडी वाजवावी, आणि दार भलत्याच बाईनं उघडावं. मला तिथं बसवेना. मी समीरला म्हटलं, "पुसून टाक हे. होतं तसं लाव." तो म्हणाला, "मग तुम्हाला त्यांच्या मागं पळावं लागेल." म्हटलं, "पळते."

सोपं नव्हतं. तू जिवंत असताना निदान मी पुढून पाय आपटायचे, गिटारचा दांडा हलवायचे, तू पण मधे जरा ऐकून घ्यायचीस, हे मला आत्ता कळलं. तू ऐकत होतीस. आता तू ऐकत नाहीस. पहिल्यांदा आम्ही तुझ्या बोलावण्यावर आत शिरलो आणि चार पावलांत मागं पडलो. परत केलं, नसरीन पुढं गेली. परत केलं, मला हुंदका आला. समीर परत परत मागं नेऊन लावत राहिला. प्रत्येक वेळी पंखा कुरकुरायचा, तू बोलवायचीस, आम्ही चुकायचो, आणि तू तितक्याच खुशीत चहा मागायचीस.

मग अलका बोलली. "गाणं सोडलं होतं तिथून नका धरू. ती जिथं आहे तिथं या." तुझाच नियम. मी डोळे मिटले. समोर समीरची काच होती, मागं तुझा ड्रमसेट, तुझ्या घरून आणून ठेवलेला, रिकामा. मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले, जशी नेहमी राहायचे.

बोलावणं आलं. आत शिरलो, कौशे. तिघी एकदम शिरलो. तू पळत होतीस आणि आम्ही तुझ्या बरोबरीनं होतो, माझे शब्द एकमेकांवर आदळत होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पाठीला ऊब लागली. किती दिवसांनी लागली. तू चहा मागितलास तेव्हा मी गाता गाता हसले, ते पण आलंय रेकॉर्डमधे, ठेवायला सांगितलंय.

आणि एक गोष्ट आपण सगळेच विसरलो होतो. चहा येतो तिथं तू काठ्या ठेवतेस. गाणं संपलं म्हणून नाही, चहा आला म्हणून. माझी शेवटची ओळ राहिली होती.

कपबशी वाजली. तुझा ठोका थांबला. नसरीनचा हात थांबला, अलकाचा थांबला, जुन्या सवयीनं, जे चालू आहे ते बंद पडलं की आपण थांबतो म्हणून. लाइट होती. वर पंखा फिरत होता. सगळं चालू होतं, फक्त तू नव्हतीस. ह्याचा नियम आपण कधी केलाच नव्हता.

माझी मान वळायला लागली होती. मला तुझा आवाज आला असं मी म्हणणार नाही. नाही आला. पण तू काय म्हणाली असतीस ते मला त्या गणपतीच्या मंडपापासून पाठ आहे.

मी मागं बघितलं नाही. थांबले पण नाही. ती ओळ एकटीनं म्हटली, नीट, एक एक शब्द, कुणीच पळवत नव्हतं:

वाट बघू नका माझी
पण दार लावू नका